पत्ता, पान आणि मोर्तब

चालू असलेला प्रोग्राम कोणत्या क्षणी कोणती फाइल उघडतो, कोणाला निरोप धाडतो आणि कोठे अडून बसतो, हे त्याच्या कामात ढवळाढवळ न करता टिपून ठेवणाऱ्या प्रोग्रामांना मराठीत मागोवा-साधने म्हणता येईल. पॉल क्रानेनबुर्ग यांनी १९९१ मध्ये सन कंपनीच्या संगणकांसाठी लिहिलेले आणि पुढे लिनक्सवर रुळलेले एसट्रेस, २००५ मध्ये सोलॅरिस १० या प्रणालीबरोबर आलेले डीट्रेस, त्याच वर्षी रेड हॅट, आयबीएम, इंटेल आणि हिताची या कंपन्यांच्या अभियंत्यांनी उभारायला घेतलेले सिस्टिमटॅप आणि लिनक्सच्या पोटातच वसलेले एफट्रेस ही त्यांतली ठळक नावे होत. इतर प्रोग्राम बहुधा स्वतः मांडलेली स्मृतीच वाचतात. मागोवा-साधनाला मात्र दुसऱ्याची स्मृती वाचावी लागते, आणि तीही दुसऱ्यानेच दिलेल्या पत्त्यावर विसंबून. त्यामुळे स्मृतीत भलत्या जागी हात घालून कोसळणे हा दोष या साधनांच्या पाचवीलाच पुजलेला आहे, आणि त्याची दुरुस्ती करताना चुकीची ओळ शोधण्यापेक्षा अधिक अवघड असा एक प्रश्न सोडवावा लागतो: जे वाचता आले नाही, त्याची नोंद कशी करायची?

पत्ता म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाइतके चांगले उदाहरण मराठी वाचकाला क्वचितच सापडेल. नायक राजांच्या काळापासून जमत आलेल्या या संग्रहाला दुसऱ्या सरफोजी महाराजांनी आपल्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, खरा विस्तार दिला. १९१८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. आणि संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांच्या जोडीला भोसले दरबाराच्या मोडी कागदपत्रांचे तेराशेहून अधिक गठ्ठे तेथे आहेत. ए. सी. बर्नेल यांनी १८८० मध्ये येथील संस्कृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली आणि विसाव्या शतकात पी. पी. एस. शास्त्री यांनी तिच्याहून कितीतरी विस्तृत अशी वर्णनात्मक सूची १९ खंडांत सिद्ध केली. अशा ग्रंथालयात अभ्यासक स्वतः फडताळापाशी जात नाही. तो सूचीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहून देतो आणि त्या क्रमांकावरून जागा हुडकून कर्मचारी पोथी आणून देतो. क्रमांक हा आकडा आहे आणि पोथी ही वस्तू आहे, आणि या दोहोंना जोडणारे जे काही आहे ते तिसऱ्याच ठिकाणी, नोंदवहीत, असते.

संगणकाच्या स्मृतीची व्यवस्थाही नेमकी याच घडणीची आहे. प्रोग्रामच्या हाती असतो तो पत्ता, म्हणजे केवळ एक आकडा, आणि ज्या ठिकाणी असा पत्ता साठवलेला असतो त्याला पॉइंटर म्हणतात. हा पत्ता खऱ्या स्मृतीतला नसून आभासी असतो, म्हणजे त्या प्रोग्रामपुरताच खरा असतो, आणि त्यावरून खरी जागा शोधण्याचे काम प्रक्रियक, म्हणजेच प्रोसेसर, एका तक्त्याच्या आधारे करतो. हा तक्ता एकेका बाइटची नोंद ठेवत नाही, कारण तसे केले तर तक्ताच स्मृतीपेक्षा मोठा होईल. तो स्मृतीचे सारखे तुकडे पाडून एकेका तुकड्याची नोंद ठेवतो, आणि या तुकड्याला जगभर पान असेच म्हटले जाते. बहुतेक संगणकांवर एक पान ४०९६ बाइटांचे असते. प्रत्येक प्रोग्रामचा तक्ता वेगळा असल्यामुळे एकच आकडा दोन प्रोग्रामांत दोन निरनिराळ्या जागा दाखवू शकतो, जसा बर्नेल यांच्या सूचीतला एखादा क्रमांक आणि शास्त्री यांच्या सूचीतला तोच क्रमांक यांनी निरनिराळ्या पोथ्या निघतात.

विचारलेल्या पत्त्याची नोंद तक्त्यात ठीक नसेल तर प्रक्रियक हातातले काम थांबवून कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, हाक मारतो. या घटनेला पानदोष म्हणू. पानदोष म्हणजे दर वेळी चूक नव्हे. पान प्रोग्रामच्या मालकीचे आहे पण अजून डिस्कवरून आणलेले नाही, अशी स्थिती असेल तर कर्नल ते आणून ठेवतो आणि प्रोग्रामला काही घडले हे कळतही नाही. पान वाचण्यापुरतेच खुले असताना त्यावर लिहू पाहिले तर मात्र गुन्हा घडतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजींच्या आज्ञेने कोरवलेला भोसले वंशाच्या इतिहासाचा मराठी शिलालेख हवा त्याने वाचावा, पण त्यात अक्षर घालण्याची मुभा कोणालाही नसावी, तसेच हे. आणि तसे पानच अस्तित्वात नसेल तर कर्नल त्या प्रोग्रामला अकरा क्रमांकाचा संकेत पाठवतो, जो सेगमेंटेशन फॉल्ट या नावाने प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळी कधी ना कधी येतो, आणि प्रोग्राम तेथेच संपतो.

आता मागोवा-साधन नेमके कसे कोसळते ते एका लहानशा उदाहरणावरून पाहता येईल. एखादा प्रोग्राम फाइल उघडताना कर्नलला फाइलचे नाव देत नाही, नाव जेथे लिहिले आहे तो पत्ता देतो. समजा, हा पत्ता ८१८० आहे आणि तेथे '/ईटीसी/होस्ट्स' हे नाव आहे. रोमन लिपीत हे नाव तिरप्या रेघा धरून दहा अक्षरांचे होते. म्हणजे पहिले अक्षर ८१८० वर आणि शेवटचे ८१८९ वर. सी भाषेच्या रिवाजाप्रमाणे नाव संपल्याची खूण म्हणून त्यानंतर एक शून्य बाइट असतो, तो ८१९० वर. पान ८१९१ वर संपते, ८१९२ पासून पुढचे पान सुरू होते, आणि ते पुढचे पान या प्रोग्रामच्या तक्त्यात नाहीच. प्रोग्रामच्या दृष्टीने सगळे यथास्थित आहे, कारण त्याचे नाव आणि शेवटची खूण दोन्ही पानाच्या आत बसतात. मागोवा-साधनाला मात्र नाव किती लांब आहे हे ठाऊक नसते, म्हणून ते अंदाजाने एकदम ३२ बाइट मागते, म्हणजे ८१८० पासून ८२११ पर्यंत. त्यांतले पहिले १२ बाइट आहेत आणि उरलेले २० नाहीत. एकाच दमात मागितल्यामुळे सगळीच मागणी फेटाळली जाते, आणि पूर्ण शाबूत असलेले नाव साधनाला वाचता येत नाही.

येथवर नुसती गैरसोय झाली, कोसळणे झाले नाही. वाचन फसले आहे हे कर्नल साधनाला परतीच्या आकड्यातून कळवतो, आणि तो आकडा पाहण्याचे कष्ट साधनाच्या लेखकाने घेतलेले नसतात तेव्हा अनर्थ सुरू होतो. साधनाने ३२ बाइटांसाठी जी जागा राखून ठेवली होती तीत मागच्या कुठल्या कामाचा कचरा तसाच पडलेला असतो; नाव आले आहे अशा समजुतीने साधन तो कचरा छापायला घेते, शून्य बाइट भेटेपर्यंत छापत राहते, राखलेल्या जागेत शून्य भेटत नाही म्हणून तिच्यापलीकडे जाते, आणि अखेरीस स्वतःच्याच स्मृतीतल्या नसलेल्या पानावर पाय ठेवते. ज्याचा मागोवा चालला होता तो प्रोग्राम धडधाकट राहतो आणि मागोवा घेणारे साधन सेगमेंटेशन फॉल्टने पडते.

शून्य बाइटाचे महत्त्व मोडी वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही. मोडीत आधी ओळभर रेघ ओढली जाते आणि तिला अक्षरे लटकवत हात न उचलता लिहिले जाते. शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडण्याची रीत नसते, त्यामुळे शब्द कोठे तुटतो हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. मजकूर कोठे संपला हे मात्र त्याच्या तर्कावर सोडलेले नसे. मराठेशाहीच्या दफ्तरात पत्राच्या शेवटी मर्यादा मुद्रा, म्हणजे मोर्तब, उमटवले जाई, ते एवढ्याचसाठी की त्यापुढे कोणी काही वाढवू नये आणि वाचणाऱ्यानेही तेथेच थांबावे. सी भाषेतला शून्य बाइट हे मोर्तबच आहे, पण फार दुबळे. कागदाच्या मोर्तबाआधीच कागद संपला तर वाचणाऱ्याचे बोट टेबलावर येते आणि त्याला कळते. संगणकाच्या स्मृतीत एका कागदाच्या कडेला दुसरा कागद खेटून असतो, म्हणून मोर्तब हरवले की वाचणारा न कळत शेजारच्या पत्रात शिरतो.

दुरुस्ती म्हणून येथे तीन गोष्टी कराव्या लागतात आणि त्यांतली एकही अवघड नाही. मागणी पानाच्या कडेशी तोडायची, म्हणजे आधी ८१९१ पर्यंतचे १२ बाइट मागायचे, त्यांत शून्य सापडले तर तेथेच थांबायचे आणि न सापडले तरच पुढच्या पानाकडे वळायचे. परतीचा आकडा पाहायचा आणि जितके बाइट खरोखर आले तितकेच छापायचे. आणि काहीच आले नाही तर तसे सांगायचे. एसट्रेसची वागणूक या बाबतीत अनुकरणीय आहे: ते लांब मजकुराचे मुळातच पहिले ३२ बाइट दाखवते आणि पुढे मजकूर आहे हे कळावे म्हणून तीन टिंबे देते, आणि मजकूर अजिबात वाचता आला नाही तर त्याच्या जागी नुसता पत्ता छापते. मजकूर नसून पत्ता दिसला की वाचणाऱ्याला कळते की प्रोग्रामने असा असा आकडा दिला होता आणि त्या आकड्यापाशी काही मिळाले नाही. हीसुद्धा माहितीच असते, आणि पुष्कळदा हवी असलेली माहिती तीच असते.

कोसळल्यानंतर मागे राहिलेल्या आकड्यांवरून दोषाचे मूळ ओळखणे ही या क्षेत्रातील एक स्वतंत्र विद्या आहे, आणि तिच्यात नाडीपरीक्षेसारखी सरावाने येणारी जाण असते. प्रोग्राम २४ या पत्त्यापाशी कोसळला असेल तर कोणी मुद्दाम २४ या जागी गेले असण्याचा संभव नाही. एखाद्या नोंदसंचाचा पत्ता शून्य होता, म्हणजे तो संच मिळालाच नव्हता, आणि त्याच्या सुरुवातीपासून २४ बाइटांवर असलेले कलम वाचायला प्रोग्राम गेला, हा अर्थ जाणकाराला लगेच उमगतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये तपासणीची एक सोय अशी आहे की परत केलेल्या स्मृतीवर ठरावीक आकडा सारवून ठेवला जातो, जो सोळापायी गणनेत 'सहा-बी' असा वाचतात. कोसळल्याच्या वृत्तान्तात पत्त्याच्या जागी 'सहा-बी सहा-बी सहा-बी' अशी रांग दिसली की सोडून दिलेल्या स्मृतीतून कोणीतरी पत्ता उचलला, हे निदान जवळजवळ पक्के होते. २०१२ च्या सुमारास गूगलच्या अभियंत्यांनी पुढे आणलेले ॲड्रेस सॅनिटायझर हे तंत्र याच्याही पुढे जाते: स्मृतीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट पहारेकरी म्हणून राखायचा आणि प्रत्येक वाचनापूर्वी त्याला विचारायचे, असा त्याचा बेत असल्यामुळे चूक जेथे घडते तेथेच पकडली जाते, चार हजार ओळींनंतर तिचे फळ दिसते तेथे नव्हे.

साधन कर्नलच्या बाहेर राहून काम करत असेल तर त्याच्या पडण्याने फार तर साधनच पडते. ते कर्नलच्या आत शिरले की मामला गंभीर होतो, कारण कर्नल कोसळला तर सगळा संगणकच कोसळतो. कर्नलच्या आत हव्या त्या सूचनेपाशी, म्हणजे प्रक्रियकाला दिलेल्या एकेका आदेशापाशी, पहारा बसवण्याची केप्रोब्ज नावाची सोय २००४ मध्ये लिनक्सच्या २.६.९ या आवृत्तीत आली आणि तिच्या जडणघडणीत आयबीएमच्या बंगळूर येथील अभियंत्यांचा, विशेषतः प्रसन्ना पंचमुखी आणि अनंत माविनकायनहळ्ळी यांचा, मोठा वाटा होता. सामान्य प्रोग्रामांना हीच सोय लावणारे युप्रोब्ज २०१२ मध्ये ३.५ या आवृत्तीत आले, त्यातही बंगळूरच्याच श्रीकर द्रोणमराजू यांचे काम प्रमुख होते. लिनक्सवर आज चालणाऱ्या अनेक मागोवा-साधनांच्या पायाचा मोठा भाग तंजावरहून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या शहरात घातला गेला, ही गोष्ट आपल्याकडे असावी तितकी परिचित नाही.

केप्रोब्जची युक्ती अशी की ज्या सूचनेपाशी पहारा हवा तिचा पहिला बाइट उचलून ठेवायचा आणि त्या जागी 'थांब' अशा अर्थाचा एका बाइटाचा आदेश लिहायचा. प्रक्रियक तेथे पोहोचला की थांबतो, पहारेकऱ्याचे काम उरकले जाते, मूळ सूचना चालवली जाते आणि गाडी पुढे निघते. अडचण अशी की पहारेकरी जेव्हा काम करत असतो तेव्हा कर्नल अर्ध्या पावलावर उभा असतो; अशा वेळी थांबून डिस्कवरून पान आणवणे शक्य नसते, कारण डिस्कची वाट पाहणे म्हणजे कर्नलने झोपी जाणे, आणि अर्ध्या पावलावर झोपणारा पडतोच. म्हणून एरवी निरुपद्रवी असलेला पहिल्या प्रकारचा पानदोषही, ज्यात पान आहे पण अजून आणलेले नाही, पहारेकऱ्याच्या दृष्टीने असाध्य ठरतो.

यावर लिनक्समध्ये जो उपाय आहे तो अपवाद-तक्ता या नावाने ओळखता येईल. पत्ता खरा असेल की नाही हे आधी विचारून मग वाचण्याची पद्धत दिसायला सुरक्षित असली तरी ती फोल आहे, कारण विचारणे आणि वाचणे यांच्या मधल्या क्षणात दुसरा कोणी ते पान काढून घेऊ शकतो. त्याऐवजी कर्नल जोखमीच्या वाचन-सूचनांची यादी आधीच करून ठेवतो आणि प्रत्येकीसमोर, येथे पाय घसरला तर कोठे जायचे, तो पत्ता लिहून ठेवतो. वाचन सरळ पार पडले तर यादीकडे कोणी पाहतही नाही; पानदोष झाला तर कर्नल यादी उघडतो, दोष घडवणारी सूचना तीत असेल तर दिलेल्या सुटकेच्या वाटेवर जातो आणि मागणाऱ्याला १४ क्रमांकाची चूक, म्हणजे 'पत्ता खोटा', एवढे उत्तर देतो, आणि सूचना यादीत नसेल तरच हाहाकार उडतो. कोसळणाऱ्या मागोवा-साधनाची कर्नलमधली दुरुस्ती बहुतेक वेळा एवढीच असते की पॉइंटरमागे सरळ धावणारी ओळ काढून तिच्या जागी अपवाद-तक्त्यात नोंदलेल्या वाचन-फलनाला, म्हणजे वाचनाच्या फंक्शनला, बोलवायचे. डीट्रेसने हाच विचार सुरुवातीपासून भाषेत मुरवला होता: पत्ता खोटा निघाला तर 'अवैध पत्ता' अशी ओळ छापून ते पुढच्या घटनेकडे वळते. २०१४ नंतर लिनक्समध्ये रुजलेल्या ईबीपीएफ या व्यवस्थेत तर प्रोग्राम कर्नलमध्ये शिरण्यापूर्वीच एक परीक्षक त्याची ओळ न ओळ तपासतो आणि अनोळखी पॉइंटरमागे थेट धावणाऱ्या प्रोग्रामला दारातूनच परत पाठवतो.

कोसळणे थांबले म्हणजे दुरुस्ती पुरी झाली, अशी समजूत मात्र येथे फार घातक ठरते. ईबीपीएफमधील वाचन-फलन अपयशी झाले की साधनाच्या राखलेल्या जागेत शून्ये भरते, म्हणजे त्या जागी जुना कचरा राहू देत नाही, आणि हे योग्यच आहे. पण शून्य बाइट म्हणजे मोर्तब असल्यामुळे परतीचा आकडा न पाहणाऱ्या साधनाला ते रिकामे नाव वाटते आणि ते रिकामी ओळ छापून मोकळे होते. उघडल्या जाणाऱ्या फाइलींचा मागोवा घेणाऱ्या साधनांत हे प्रत्यक्ष घडत आले आहे: फाइल उघडण्याची विनंती कर्नलच्या दारात येते त्या क्षणी नाव असलेले पान अजून स्मृतीत आलेलेच नसते, पहारेकऱ्याला वाचता येत नाही, आणि वृत्तान्तात अधूनमधून नावाविनाच फाइली उघडल्यासारख्या दिसतात. उपाय साधा आणि सुंदर आहे. नावाचा पत्ता दारात शिरताना टिपून ठेवायचा आणि नाव बाहेर पडताना वाचायचे, कारण मधल्या काळात कर्नलने स्वतःच्या गरजेपोटी ते नाव वाचलेले असते आणि पान आपोआप स्मृतीत आलेले असते. या उपायालाही एक किंमत आहेच, कारण तेवढ्या वेळात त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या धाग्याने, म्हणजे त्यात समांतर चालणाऱ्या दुसऱ्या कामाने, नाव बदलले असेल तर जे उघडले गेले त्याऐवजी भलतेच नाव नोंदले जाईल.

वाचता न आलेले आणि मुळात रिकामे असलेले यांतला भेद जुन्या मराठी कागदपत्रांच्या संपादकांना चांगला ठाऊक होता. मोडी कागद छापताना जेथे कागद फाटला असेल, वाळवीने खाल्ला असेल किंवा शाई पुसली असेल तेथे टिंबे देऊन किंवा 'त्रुटित' असा शेरा मारून जागा दाखवायची आणि मुळातच कोरी असलेली जागा कोरी म्हणून सांगायची, ही शिस्त पाळली नाही तर गठ्ठा छापून पुढच्या अभ्यासकाच्या हाती फसवा पुरावा दिल्यासारखे होते. कोऱ्या जागेवरून इतिहासकार काहीतरी अनुमान काढतो, फाटक्या जागेवरून काढत नाही. मागोवा-साधनाचा वृत्तान्त हाही पुरावाच असतो. मध्यरात्री बंद पडलेल्या एखाद्या मोठ्या यंत्रणेचे कारण त्यावरूनच शोधले जाते, आणि तेथे 'वाचता आले नाही' याऐवजी 'काही नव्हते' असे छापलेले असेल तर शोधणारा दिवसचे दिवस चुकीच्या वाटेवर भटकतो. कोसळणारे साधन निदान आपण कोसळलो हे तरी सांगते. त्यापेक्षा शांतपणे कोरी ओळ छापणारे साधन अधिक हानिकारक आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

दोन सूच्यांत एकच क्रमांक असण्याचा जो घोटाळा वर सांगितला तोही प्रत्यक्षात निस्तरावा लागला आहे. आपल्या नेहमीच्या संगणकांत पत्त्यांचा खालचा भाग प्रोग्रामांना आणि वरचा भाग कर्नलला दिलेला असल्यामुळे आकडा पाहूनच पत्ता कोणाचा ते ओळखता येते. आयबीएमच्या मोठ्या मेनफ्रेम संगणकांत मात्र दोघांचे आकडे तेच ते असतात, आणि 'या पत्त्यावरचे वाच' एवढेच सांगितले तर कोणाच्या तक्त्यातून वाचायचे हे कळत नाही. त्यामुळे २०२० च्या जानेवारीत आलेल्या लिनक्सच्या ५.५ या आवृत्तीत ईबीपीएफच्या वाचन-फलनाची दोन फलने करण्यात आली, एक प्रोग्रामच्या स्मृतीसाठी आणि एक कर्नलच्या, म्हणजे चिठ्ठीवर नुसता क्रमांक न लिहिता तो कोणत्या सूचीतला हेही लिहिणे भाग पडले.

या सगळ्यांहून मोठा धडा २००८ च्या शरदात मिळाला. त्या वर्षी २.६.२७ या आवृत्तीच्या चाचण्या घेणाऱ्या काही लोकांच्या संगणकांतील इंटेलची ई-१०००-ई जातीची नेटवर्क कार्डे एकाएकी निकामी होऊ लागली. संगणक पुन्हा सुरू केला तरी ती ओळखलीच जात नव्हती, कारण कार्डाची ओळख ज्या कायम स्मृतीत लिहिलेली असते तीच बिघडली होती. संशय आधी कार्डाच्या चालक-प्रोग्रामवर आणि चित्रफलकाच्या प्रोग्रामवर गेला. खरा दोष मात्र स्टीव्हन रोस्टेड यांच्या एफट्रेस या मागोवा-साधनात होता, ज्याचा नेटवर्क कार्डाशी वरवर पाहता काहीच संबंध नव्हता.

एफट्रेससाठी कर्नल जुळवताना प्रत्येक फलनाच्या तोंडाशी मागोव्याची एक हाक घालून ठेवली जाते, आणि मागोवा नको असेल तेव्हा वेळ वाया जाऊ नये म्हणून त्या हाकेच्या जागी 'काही करू नको' असा आदेश लिहिला जातो. तेव्हाच्या रचनेत फलन पहिल्यांदा चालले की त्याच्या हाकेचा पत्ता एका यादीत जमा होई, आणि दर सेकंदाला जागा होणारा एक सेवक यादीतले पत्ते घेऊन बदल करत जाई. पण काही फलने फक्त सुरुवातीलाच लागतात आणि त्यांची स्मृती लगेच परत केली जाते. पत्ता यादीत राहिला आणि त्यामागचे पान गेले. पुढे त्याच पत्त्यावर नेटवर्क कार्डाची कायम स्मृती जोडली गेली, आणि सेवक आपला जुना पत्ता घेऊन तेथे पोहोचला. सेवक अगदीच बेसावध नव्हता, आपल्याला अपेक्षित असलेले बाइट तेथे असतील तरच बदल करायचा अशी ताकीद त्याला होती, आणि त्यासाठी 'तुलना करून बदल' अशी प्रक्रियकाची सूचना वापरली होती. दुर्दैव असे की या सूचनेत तुलना जुळली नाही तरी प्रक्रियक जुनेच मूल्य पुन्हा लिहितो. साध्या स्मृतीत जुनेच मूल्य पुन्हा लिहिण्याने काही बिघडत नाही. कार्डाच्या कायम स्मृतीत लिहिण्याची प्रत्येक क्रिया हा एक आदेश असतो, आणि त्याने ती स्मृती बिघडली.

तातडीचा उपाय म्हणून कार्डाच्या चालक-प्रोग्रामने कायम स्मृतीवर लेखनबंदी घातली आणि २.६.२७ नंतर आठवड्याभरात निघालेल्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा हा भाग बंदच करण्यात आला. पुढच्या आवृत्तीत रचनाच बदलली: हाकांचे पत्ते कर्नल चालू असताना गोळा करण्याऐवजी तो जुळवतानाच काढून ठेवले जाऊ लागले, बदल कर्नल सुरू होताना आणि प्रत्येक नवा भाग स्मृतीत येताना, तो चालू होण्याआधीच, केले जाऊ लागले, आणि स्मृती परत करताना तिच्यातले पत्ते यादीतूनही खोडले जाऊ लागले. दर सेकंदाला जागा होणारा सेवक गेला. बदल करण्यापूर्वी जागा अपवाद-तक्त्याच्या आधाराने आधी नुसती वाचली जाते, आणि तेथे अपेक्षेपेक्षा वेगळे काही दिसले तर एफट्रेस तो पत्ता आणि तेथे सापडलेले बाइट छापते, एकही अक्षर लिहीत नाही, आणि संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत स्वतःला बंद करून घेते.